ताईचं पुढारपण

लहानपणी ताईला घरात सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागलेलं वाक्य म्हणजे ‘पुढे पुढे करू नकोस.’ पाहुण्यांच्या बोलण्यात तिनं तोंड घातलं की आई डोळे वटारायची. वर्गात बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत हिचा हात वर गेला, असं कुणी घरी येऊन सांगितलं तरी हेच ऐकावं लागायचं. वडील लवकर गेले. आईनं शिवणकाम करून आम्हा दोघा भावंडांना वाढवलं, आणि चारचौघांत आपण डोळ्यावर येऊ नये एवढीच तिची जगण्याची रीत होती. मी तिच्यावर गेलो. ताई नाही गेली.

आणि तिशी ओलांडलेली हीच ताई, कायद्याची पदवी हातात घेऊन, एका मोठ्या वकिली फर्मचा अर्ज भरायला बसली तेव्हा त्यात विचारलं होतं: ‘आपण एखाद्या गटाचं नेतृत्व केलं, असा प्रसंग सांगा. आपण नेमकं काय केलंत आणि त्याचा परिणाम काय झाला?’

बाकीचा अर्ज तिनं एका बैठकीत उरकला होता. इथं मात्र गाडी अडली. आईनं शिवणयंत्रावरून मान न उचलता विचारलं, नेतृत्व म्हणजे पुढारपणच ना? मग म्हणाली, ‘लिही, आईनं करू दिलं नाही.’ आम्ही तिघंही हसलो. ताई जरा उशिरा हसली.

तिच्या वर्गातल्या मुलांनी हा प्रश्न चुटकीसरशी सोडवला होता. एकजण हॉकीच्या टीमचा कप्तान होता. दुसऱ्यानं कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गाणारी ऐनवेळी आली नाही तेव्हा कार्यक्रम कसा निभावून नेला ते रंगवून लिहिलं होतं. ताईचं कॉलेज संध्याकाळचं. कामावरून सुटायचं, धावतपळत वर्ग गाठायचा आणि शेवटच्या बाकावर पेंगत नोट्स उतरवायच्या. तिला कुठली टीम आणि कुठलं गॅदरिंग.

तसा प्रसंग तिच्याकडे होता. तो आम्हाला घरात सगळ्यांना माहीत होता, पण त्याबद्दल आम्ही बोलत नव्हतो.

ताई तेव्हा एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाई विभागात कामाला होती. तळघरात, जिथं उजेड फक्त ट्यूबलाइटचा आणि वाफेनं भिंतींचा रंग पोपडे धरून निघालेला. वरच्या सगळ्या मजल्यांवरच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले मोठमोठ्या गाड्यांतून खाली यायचे, धुऊन निघायचे आणि ओलेच इस्त्रीच्या रोलरकडे जायचे. हा रोलर म्हणजे माणसाच्या कमरेइतका जाड, तापलेला लोखंडी दंडगोल. दोघींनी चादरीची दोन टोकं ताणून धरायची आणि ती त्याच्या तोंडात सोडायची. पलीकडून ती कडक, कोरडी होऊन बाहेर येते. हात आत ओढला जाऊ नये म्हणून तोंडापाशी एक आडवी दांडी असते. तिला बोटं लागली की मशीन जागच्या जागी थांबतं.

ताईची तिथली जोडीदारीण तिच्याच वयाची, फार हसरी. तिचा नवरा अपघातानंतर अंथरुणाला खिळलेला होता, पण ती कामावर आली की आधी एखादा विनोद सांगायची आणि मगच एप्रन बांधायची. आणि एक होत्या मावशी. सगळ्यांत जुन्या. कुणाच्या मावशी ते कुणालाच ठाऊक नव्हतं, सुपरवायझरसुद्धा त्यांना मावशीच म्हणायचा. ताईला तिथं ‘वकीलबाई’ म्हणायचे. शिकत होती म्हणून, आणि रजेच्या अर्जावरून सुपरवायझरशी हुज्जत घालायची म्हणूनही.

त्या रोलरची दांडी ढिली झाली होती. जरा धक्का लागला की मशीन बंद पडायचं, काम खोळंबायचं. म्हणून सुपरवायझरनं ती तारेनं बांधून टाकली. ताईनं त्याला सांगितलं, हे बरोबर नाही. तो म्हणाला, बघू. तिनं पुन्हा सांगितलं. तो पुन्हा म्हणाला, बघू.

एका दुपारी मावशींच्या समोर चादरीचा कोपरा दुमडला. तो सरळ करायला त्यांनी सवयीनं हात पुढं केला आणि चादरीबरोबर उजवा हात मनगटापर्यंत आत गेला. मशीन बंद करायचं बटण दाबायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात जे व्हायचं ते झालं. हॉस्पिटलच्याच तळघरात असून त्यांना वर न्यायला स्ट्रेचर यायला उशीर झाला, ही गोष्ट ताईच्या मनातून अजून जात नाही. हात वाचला, पण बोटं एकमेकांना चिकटून आकसली. पुन्हा कधी उघडली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई कामावर गेली तर रोलर चालू होता. दांडी तशीच तारेनं बांधलेली होती आणि मावशींच्या जागी नवीन बाई उभी होती. ताईनं एप्रन बांधला, रोलरपाशी गेली आणि भिंतीवरचं मोठं बटण बंद केलं.

ती मला म्हणाली होती, ‘मी काही ठरवून नव्हते गेले रे. माझा हात गेला बटणाकडे.’

सुपरवायझर धावत आला. ताई बटणासमोर पाठ लावून उभी राहिली. ती रडत होती आणि एकच सांगत होती, आधी दांडी बसवा. जोडीदारीण तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग एकेक करत बाकीच्या आल्या. भाषण नाही, घोषणा नाही. मशीनचा आवाज थांबला तसं तळघर इतकं शांत झालं की वरच्या मजल्यावर ढकललेल्या खाटांची चाकं ऐकू येत होती.

काम दोनतीन दिवस बंद राहिलं. ओल्या कपड्यांना वास सुटला. वॉर्डांतून फोन येऊ लागले. काही पेशंट नुसत्या गादीवर झोपले आहेत असं कळलं तेव्हा ताई त्या रात्री जेवली नाही. शेवटी वरून साहेब आले, दांडी नवी बसली, मावशींच्या उपचाराचा खर्च देण्याचं लेखी मिळालं. बायकांनी ताईला सुपरवायझरच्या खुर्चीत बसवून चहा पाजला. जोडीदारीण म्हणाली, खटला जिंकलीस, आता फी सांग.

वर्ष सरायच्या आत हॉस्पिटलनं धुलाई विभागच बंद केला. काम बाहेरच्या कंपनीला दिलं. रोज सकाळी एक ट्रक येऊन मळलेले कपडे घेऊन जाऊ लागला. काहीजणींना झाडूपोछ्याचं काम मिळालं, बहुतेकींना तेही नाही. जोडीदारीण नाही मिळालेल्यांत होती. हॉस्पिटलचं म्हणणं, हा निर्णय जुनाच होता, त्या प्रकरणाशी त्याचा काही संबंध नाही. खरंही असेल. खोटंही असेल. ताईला ते कधीच कळलं नाही, आणि कळण्याचा काही मार्गही नव्हता.

शेवटच्या दिवशी जोडीदारीण ताईला एवढंच म्हणाली, ‘तू उद्या वकील होशील. तुझं बरं आहे.’ त्यानंतर ती रस्त्यात दिसली तरी दुसऱ्या बाजूनं जायची.

तर हा तो प्रसंग. मीच ताईला म्हटलं, हा लिही. ती म्हणाली, परिणाम काय झाला, ते काय लिहू?

तिच्या कॉलेजात एक निवृत्त वकील मुलांचे अर्ज तपासून द्यायचे. बोलायला मऊ, पेन मात्र कडक. ताईनं शेवटी सगळं जसं घडलं तसं लिहून त्यांच्यापुढं ठेवलं. ती शनिवारी दुपारी तो कागद घेऊन घरी आली तेव्हा त्यावर जिथं जिथं ‘आम्ही’ होतं तिथं तिथं काट मारून वर ‘मी’ केलेलं होतं. आम्ही काम थांबवलं, याचं मी काम थांबवलं. आम्ही ठरवलं, याचं मी ठरवलं. एका ठिकाणी त्यांनी स्वतःच भर घातली होती, ‘मी सहकाऱ्यांना संघटित केलं.’

मी म्हटलं, ‘तू कुठं संघटित केलंस? तू तर रडत होतीस.’

‘सर म्हणतात, फर्मला आम्ही कोण ते नको असतं. त्यांना एक माणूस निवडायचाय.’

आणि दांडी बसली, लेखी मिळालं, या वाक्याखाली सरांनी आडवी रेघ ओढली होती. तिच्या खालचा सगळा मजकूर, विभाग बंद पडला तो, कामं गेली ती, रद्द. सरांचं म्हणणं सरळ होतं. परिणाम विचारलाय, तो सांगून झाला. पुढचं पुराण कुणी विचारलेलं नाही. यात खोटं काही नाही, हे ताईलाही मान्य होतं. तेच तिला खुपत होतं, की खोटं एकही अक्षर नव्हतं.

पाठवायच्या आधी तिला मावशींना विचारायचं होतं. मी तिला गाडीवर घेऊन गेलो. मावशी लेकाकडे, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहायच्या. दाराशी बसून डाव्या हातानं मटार सोलत होत्या. उजवा हात पदराखाली. ताईला बघून त्यांचा चेहरा फुलला, आणि आधी त्यांनी माझ्या लग्नाचं काय झालं ते विचारून घेतलं. मग ताईनं कागद वाचून दाखवला. मावशी सोलायच्या थांबल्या नाहीत.

‘यात ती एक सहकारी म्हणजे मी का?’

‘हो.’

‘बरं केलंस. नाव नको घालू.’ थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, ‘लिही की. माझा हात तुझ्या तरी कामी येऊ दे.’

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर ताईला सोपं गेलं असतं. तिनं खाली बघत म्हटलं, जोडीदारणीलाही विचारावं म्हणते. मावशींनी पहिल्यांदाच मटाराची शेंग खाली ठेवली.

‘तिला विचारू नकोस. ती नको म्हणेल, आणि तू तिचं ऐकशील.’

आम्ही तिथून निघालो. त्याच संध्याकाळी तिनं सरांनी दुरुस्त केला होता तसाच्या तसा अर्ज पाठवून दिला.

इंटरव्ह्यूला बोलावणं आलं. आईनं तिच्यासाठी राखाडी रंगाचा कोट शिवला. मी लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून सुट्टी काढून तिच्याबरोबर गेलो आणि खाली काचेच्या मोठ्या लॉबीत बसून राहिलो. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बुटांचासुद्धा आवाज येत नव्हता, इतका जाड गालिचा. आत काय झालं ते तिनं मला परतताना सांगितलं.

समोर दोघं होते. एक तरुण वकील आणि एक ज्येष्ठ वकीलबाई, पांढरे केस बारीक कापलेल्या. प्रश्न बाईंनी विचारले. नेतृत्वाचं उत्तर त्यांनी समोर धरलं होतं. त्यांना ते आवडलं असावं, कारण ते त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, पुढं त्या विभागाचं काय झालं?

ताईला म्हणता आलं असतं, मी नोकरी सोडली, मला कल्पना नाही. तिनं सांगितलं, बंद पडला. बहुतेकींची कामं गेली.

‘तुम्ही काम थांबवलंत म्हणून?’

‘माहीत नाही.’

‘मग या सगळ्यातून तुम्ही काय शिकलात?’

या प्रश्नाचं उत्तर सरांनी तिच्याकडून घोटून घेतलं होतं. धैर्य, संवाद, जबाबदारी, असं काहीतरी. ते तिला तोंडपाठ होतं आणि त्या क्षणी ते तिला म्हणवेना. ती म्हणाली, ‘शिकले असं नाही म्हणता येणार. आता कुठलंही बटण बंद करायचं तर मला भीती वाटते, एवढंच.’

तरुण वकिलानं काहीतरी टिपून घेतलं. बाईंनी फाइल मिटली. ताई मला म्हणाली, घालवलं मी. आम्ही घरी आलो आणि तिनं कोट कपाटात टांगून ठेवला.

पण तिला घेतलं. फोन आला तेव्हा आई मशीनवर होती. तिनं पाय थांबवला, शिवण अर्धी सोडून देवापुढं दिवा लावला आणि मग सगळ्या शेजाऱ्यांकडे जाऊन आली. जिनं जन्मभर आम्हाला मागं उभं राहायला शिकवलं तीच त्या दिवशी दारोदार सांगत होती, माझी मुलगी सगळ्यांच्या पुढं गेली.

फर्ममध्ये पहिल्या दिवशी त्या ज्येष्ठ बाईंनी ताईला आपल्या विभागात ठेवून घेतलं. कामगारांच्या प्रकरणांचा विभाग, पण मालकांच्या बाजूचा. कुठला कारखाना कसा बंद करायचा, कुणाला कोणत्या शब्दांत कळवायचं, तंटा कसा टाळायचा. बाईंनी तिला स्पष्टच सांगितलं. माणसं काम कधी आणि का थांबवतात हे आमच्या अशिलांना कळत नाही, तुम्हाला कळतं. म्हणूनच तुमची निवड झाली.

ताईनं ते काम केलं. नुसतं केलं नाही, चांगलं केलं. तिनं लिहिलेल्या पत्रांत कुणाचा अपमान नसे, आडपडदा नसे. लोक ती वाचून निमूट सह्या करत. घरात आता आईला शिवणकाम करावं लागत नव्हतं. माझं लग्न झालं. ताईला कुणी विचारलं काम कसं चाललंय, तर म्हणायची, चाललंय.

मग खोके बनवणाऱ्या एका कारखान्याचं प्रकरण आलं. त्यांना छपाईचा विभाग बंद करायचा होता. कामगारांशी बोलणी ठरली आणि बाईंच्या बरोबर ताई गेली. टेबलाच्या पलीकडे कामगारांच्या वतीनं एक बाई बसली होती. उंच, घसा बसलेली, नवी साडी नेसून आलेली. सोबतचे दोघं मान खाली घालून बसले होते, बोलत ती एकटीच होती. शब्द अडखळत होते, पण ती थांबत नव्हती. तिची मागणी एकच. विभाग आत्ता बंद करू नका, मुलांच्या परीक्षा होऊ द्या.

मालकानं ती लगेच मान्य केली. करणारच होता. कायद्यानं कामगारांना कितीतरी जास्त मागता आलं असतं. दुसऱ्या विभागात सामावून घ्या असं म्हणता आलं असतं, हे सगळं थोपवून धरता आलं असतं. ताईला त्यातली प्रत्येक गोष्ट कलमासकट ठाऊक होती. पण ती ज्या बाजूला बसली होती तिथून ते सांगणं म्हणजे आपल्याच अशिलाला दगा देणं. तिनं फक्त पाण्याचा ग्लास त्या बाईकडे सरकवला.

सह्या झाल्यावर ती बाई दारापाशी ताईजवळ आली आणि म्हणाली, ‘तुम्ही होतात म्हणून धीर आला. तुमच्याकडेच बघून बोलत होते मी.’

हे ताईनं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं, तेही मी खोदून खोदून विचारल्यावर. मी म्हटलं, सोड ती नोकरी. गरिबांचे खटले घे, तुला जमेल. ती म्हणाली, मी परत पुढं उभी राहिले आणि परत तेच झालं तर?

तिनं विभाग बदलून मागितला. ज्येष्ठ बाईंना नवल वाटलं. म्हणाल्या, तुम्ही यात इतक्या चांगल्या आहात.

‘म्हणूनच,’ ताई म्हणाली.

आता ती जमिनीच्या आणि इमारतींच्या कागदपत्रांच्या विभागात आहे. जुनी खरेदीखतं तपासायची, हद्दी जुळवायच्या, कुणाचा हक्क कुठं संपतो ते बघायचं. कामात कधी चूक नसते. समोर माणूस येत नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळे एकत्र बसतात तेव्हा ही आपला डबा जागेवरच उघडते. तिच्या मागून आलेले तिच्या पुढं निघून गेले आणि तिला त्याचं काही वाटत नाही. निदान ती तसं म्हणते.

गेल्या महिन्यात तिची जागा वरच्या मजल्यावर हलवली, खिडकीपाशी. आईला ही मोठी बढतीच वाटली. रविवारी आम्ही सगळे जेवायला बसलो असताना तिनं कौतुकानं विचारलं, खिडकीतून काय दिसतं गं?

ताईनं घास संपवला आणि म्हणाली, ‘समोरच्या इमारतीची भिंत. पण उजेड बरा येतो.’